मला इथं का आणलं?

बालगृह पाहून बाहेर पडणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. मुलं शाळेत जातात, गॅदरिंगमध्ये नाचतात, पोटभर जेवतात, मग त्यांना मागचं आठवून देण्यात काय हशील? लहान आहेत, विसरतील. कशाला खपली काढायची? विचारणाऱ्याच्या मनात कळवळाच असतो. संस्थांमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कितीतरी मावश्यांचं आणि अधीक्षकांचंही मत हेच असतं. त्यामुळे या प्रश्नाला ‘तसं नसतं हो’ एवढं म्हणून सुटका करून घेता येत नाही.

१. विसरलेलं कुठं जातं?

तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही सांगा म्हटलं, तर बहुतेक मोठ्या माणसांना सांगता येत नाही. त्या वयातल्या घटनांची गोष्ट डोक्यात तयार झालेली नसते. पण भीती, वास, आवाज हे गोष्टीवाचूनही टिकून राहतात. ज्या घरात रोज रात्री दारू पिऊन मारहाण व्हायची, त्या घरातलं दोन वर्षांचं मूल सातव्या वर्षी बालगृहात असतं. एके दिवशी तोच वास येणारा माणूस दारात येतो आणि मूल कॉटखाली जाऊन बसतं. का, ते त्यालाही सांगता येत नाही. बघणारे म्हणतात, विक्षिप्त आहे. मध्यंतरानंतर सिनेमाला येऊन बसलेल्या माणसासारखी या मुलाची गत असते. पडद्यावर कोण रडतंय ते दिसतं, पण कशासाठी रडतंय ते कळत नाही. इथं तर पडद्यावर ते स्वतःच असतं.

घरात वाढणाऱ्या मुलाला मध्यंतराआधीचा भाग येताजाता सांगितला जातो. ‘तू झालास तेव्हा इतका पाऊस होता की रिक्षाच मिळेना’, ‘तुझं नाव आत्यानं ठेवलं’, ‘तुला लहानपणी वरणभात सोडून काही चालायचं नाही’. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१च्या सुमारास मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी तयार केली. आई-बाबांची भेट कशी झाली, आजी-आजोबा कुठं वाढले, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं, असे साधे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आढळला. नुसती उत्तरं पाठ करून घेतली म्हणून हे होत नाही, असं या संशोधकांनीच बजावलं आहे. ज्या घरात अशा गप्पा होतात, त्या घराचा तो परिणाम असतो.

बालगृहातल्या मुलाच्या बाबतीत या विसांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं, असलीच तर, ऑफिसच्या कपाटातल्या एका फाईलमध्ये असतात.

२. रिकाम्या जागी काय येऊन बसतं?

आठवण नसली की तिथं काहीच नसतं, असं मोठ्यांना वाटतं. मूल मात्र ती जागा रिकामी ठेवत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं, की साधारण दोन ते सात या वयात मूल जगाकडे स्वतःला मध्यभागी ठेवून बघतं. जे घडतं ते आपल्याशी जोडलेलं असतं, असं त्याला वाटतं.

समजा, सहा वर्षांच्या एका मुलीच्या हातून संध्याकाळी दुधाचं पातेलं उलटलं. आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. त्याच रात्री आई घर सोडून गेली. आई जाण्याची कारणं दोन वर्षांपासून साचत आलेली होती: नवऱ्याचा मार, सावकाराचा तगादा, माहेरचं तुटलेलं दार. मुलीला यातलं काही ठाऊक नाही. तिला पातेलं ठाऊक आहे. पुढं बालगृहात ही मुलगी दुधाचा पेला हातात धरत नाही आणि हे गूढ कुणाला उकलत नाही. तिनं आपल्यापुरता निकाल लावून टाकलेला असतो. मी दूध सांडलं, म्हणून आई गेली.

दुसरा प्रकार याच्या उलट. आई मुंबईत मोठ्या बंगल्यात राहते, दिवाळीला गाडी घेऊन येणार आहे, असं मूल सगळ्यांना सांगत राहतं. त्याला खोटारडा ठरवणं सोपं असतं. खरं तर त्यानं एक असह्य जागा जमेल तशी भरून काढलेली असते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. पुष्कळांची आई किंवा वडील किंवा दोघंही हयात असतात. कुणाचे वडील तुरुंगात, कुणाची आई मनोरुग्णालयात, कुणी रेल्वेत चुकलेलं, कुणाला हॉटेलातल्या कामावरून सोडवलेलं, कुणाच्या आईनं दुसरं लग्न केलेलं आणि त्या घरात मुलाला जागा नसलेली. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, दिवस घालता येतात, चार माणसं भेटायला येतात. जिवंत असून हरवलेल्या माणसासाठी असं काहीच करता येत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेनं अशा दुःखाचा अनेक वर्षं अभ्यास केला. आधी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची कुटुंबं तिनं पाहिली. माणूस आहे की नाही हेच नक्की नसेल, तर मन पुढंही सरकत नाही आणि मागंही फिरत नाही, हे तिचं म्हणणं. बालगृहाच्या फाटकाकडं नजर लावून बसलेलं मूल नेमकं याच अवस्थेत असतं.

३. ‘देवाघरी गेली’ असं सांगितलं तर?

सोय म्हणून सांगितलेलं खोटं किती लांबवर जातं, याचं एक भयंकर उदाहरण ब्रिटनच्या इतिहासात आहे. तिथल्या संस्थांमधली हजारो मुलं जहाजात बसवून कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर वसाहतींत पाठवली गेली. हे १९७० पर्यंत चाललं. त्यांतल्या अनेकांना सांगण्यात आलं होतं, की तुमचे आई-वडील वारले. १९८६ साली नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गारेट हंफ्रीज यांना ऑस्ट्रेलियातल्या एका बाईचं पत्र आलं. लहानपणी आपल्याला जहाजातून इकडं पाठवलं, आपण मुळात कोण आहोत ते शोधायचं आहे, असं तिनं लिहिलं होतं. हंफ्रीज शोधायला लागल्या, तेव्हा ‘मेलेल्या’ आया जिवंत सापडू लागल्या. काहींना मुलं चांगल्या घरी दत्तक गेल्याचं सांगितलेलं होतं. तोवर मुलं चाळिशी-पन्नाशीला आली होती. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी १६ नोव्हेंबर २००९ रोजी आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २४ फेब्रुवारी २०१० रोजी या मुलांची जाहीर माफी मागितली. कित्येकांच्या आया त्याआधीच गेल्या होत्या.

४. जीवनकथेचं काम

मुलाबरोबर बसून, हळूहळू, त्याच्या आयुष्याची खरी गोष्ट जुळवायची, ही पद्धत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये रुजली. तिथं तिला जीवनकथेचं काम म्हणतात. इंग्लंडमध्ये दत्तक जाणाऱ्या मुलासाठी जीवनकथेचं पुस्तक तयार करून द्यावं, असं सरकारी मार्गदर्शनच आहे.

फाईल कुणाची, हा प्रश्न मात्र न्यायालयात सुटला. लिव्हरपूलचे ग्रॅहम गॅस्किन तान्हेपणापासून अठराव्या वर्षापर्यंत सरकारी देखरेखीत वाढले. मोठेपणी त्यांनी आपली कागदपत्रं मागितली. ही माहिती डॉक्टर-शिक्षकांनी गोपनीय म्हणून दिलेली आहे, असं सांगून प्रशासनानं सगळे कागद दिले नाहीत. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. ७ जुलै १९८९ रोजी निकाल लागला. माहिती देणारा परवानगी देत नसेल, तर निर्णय करणारी स्वतंत्र यंत्रणा हवी होती, ती नव्हती, म्हणून गॅस्किन यांच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असं न्यायालयानं म्हटलं. ज्याचं बालपण सरकारनं सांभाळलं, त्याच्या बालपणाच्या नोंदींवर त्याचा दावा आहे, हे या निकालानं ठामपणे कागदावर आलं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. मुलाच्या आयुष्यातल्या प्रत्येक टप्प्याची माहिती, फोटो, वस्तू यांचं जीवनकथेचं पुस्तक मुलाच्या सहभागानं ठेवावं आणि ते त्याला आयुष्यभर उपलब्ध असावं, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडच्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व, या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणजे या कामाला परदेशी थेर म्हणून नाकारायचं कारण उरत नाही.

५. आधी माहिती जमवायची

सांगण्याआधी ठाऊक असायला हवं. आपल्याकडं मूल सापडलं की २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढं आणतात आणि समिती सामाजिक तपासणी सांगते. ती पंधरा दिवसांत पुरी करायची असते. तेवढ्या मुदतीत जे हाती लागतं ते लिहिलं जातं, आणि अहवालाचा उद्देश मुलाला कुठं ठेवायचं हे ठरवण्याचा असतो. मुलाला पुढं लागणारी माहिती वेगळी असते. आई कोणती भाषा बोलायची? घरात कुणाला गाता यायचं? नाव कुणी ठेवलं?

वाढदिवसाचंच बघावं. वयाचा पुरावा म्हणून कायदा आधी शाळेचा दाखला मागतो, तो नसेल तर जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. एक्स-रेवरून अंदाज येतो, त्यात दोनेक वर्षांचा फरक पडू शकतो. अशा मुलाचा वाढदिवस म्हणजे कागदासाठी ठरवलेली एक तारीख असते. ती साजरी जरूर करावी, पण ती कशी ठरली हे मुलाला एक दिवस सांगायला हवं.

चिवटपणे शोधलं तर बरंच सापडतं. ऊसतोड मजुराचं मूल असेल तर त्याचा जन्म बीडच्या गावात झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या तळावर, कोपीत, हे कदाचित मुकादम सांगू शकतो. कोणत्या हंगामात कोणती जोडी कोणत्या कारखान्यावर गेली, हे त्याच्या उचलीच्या हिशेबात असतं. शाळेतल्या बाई, शेजारीण, दवाखान्यातली नर्स, जिथं मूल सापडलं त्या फलाटावरचा चहावाला, प्रत्येकाकडं एकेक तुकडा असतो. शाळेचा, स्टेशनचा, गावच्या वेशीचा फोटो घेऊन ठेवावा.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी करण्यासारखी आहे. मूल संस्थेत आलं की त्याला आंघोळ घालतात, नवे कपडे देतात आणि अंगावरचे फाटके कपडे टाकून देतात. पुष्कळदा घरून आलेली तेवढी एकच वस्तू असते. तो फ्रॉक, ती काळी बांगडी, गळ्यातला दोरा, खिशातलं तिकीट धुऊन-पुसून, नाव-तारीख घालून पिशवीत ठेवायला एक पैसा खर्च होत नाही.

६. मग सांगायचं

सुरुवात आजपासून करावी. आजची खोली, मैत्रीण, आवडती भाजी. जमीन घट्ट झाली की मागं जायचं. ब्रिटनमधले या क्षेत्रातले जाणकार रिचर्ड रोझ भिंतीला लावायच्या कागदाची लांब गुंडाळी वापरतात. मूल तिच्यावर चित्रं काढतं, लिहितं, आठवड्यामागून आठवडे ती उलगडत जाते. शेवटी त्यातून निवडून मुलाचं पुस्तक तयार होतं. आपल्याकडं दिनदर्शिकेची पाठकोरी पानं खळीनं जोडली तरी भागतं.

फाईलमधलं वाक्य असं असतं: ‘बालिकेची आई मनोरुग्ण असून बालिकेस रेल्वे स्थानकावर सोडून निघून गेली.’ हेच आठ वर्षांच्या मुलीला सांगायचं आहे. समजा, तिच्याजवळ बसलेली समुपदेशक ताई म्हणते, “तुझ्या आईला मनाचा आजार होता. त्यात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, खाण्याझोपण्याचं भान राहत नाही. ती तुला घेऊन स्टेशनवर आली. तुला सांभाळण्याएवढी ती बरी नव्हती. पोलीस ताईंना तू दिसलीस. तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुझं काहीही चुकलं नव्हतं.”

“मी रडत होते का, ताई?”

“पोलीस ताईंनी लिहिलंय, की तुझ्या हातात बिस्किटाचा पुडा होता आणि तू तो कुणाला देत नव्हतीस.”

“आईनंच दिला असेल.”

“ते लिहिलेलं नाही, बाळा. तुला तसं वाटतं ना? मग ते आपण हिरव्या पेननं लिहू. नक्की ठाऊक आहे ते निळ्यानं.”

या संवादात बरंच काही आहे. आजाराचं नाव आहे, पण आईवर आरोप नाही. पुड्यासारखा एक बारीक तपशील आहे, आणि तोच मुलीला सगळ्यात मोलाचा वाटणार आहे. ठाऊक नसलेलं ठाऊक नाही असंच सांगितलं आहे. ‘आईचं तुझ्यावर फार प्रेम होतं, म्हणून तिनं तुला सोडलं’ हे गोड वाक्य ताईंनी कटाक्षानं टाळलं आहे. ते ऐकून मूल हाच हिशेब मांडतं, की जो प्रेम करतो तो सोडून जातो. उद्या गृहमातेनं जवळ घेतलं की त्याच्या पोटात गोळा येतो.

आई-बाप या नात्याचा गुंता सोडवायला व्हेरा फाहलबर्ग या बालरोगतज्ज्ञ बाईंची एक मांडणी उपयोगी पडते. जन्म देणारे, कायद्यानं निर्णय घेणारे आणि रोज सांभाळणारे, अशी पालकपणाची तीन कामं त्या वेगळी करतात. जन्म आईनं दिला, निर्णय बालकल्याण समिती घेते, डोक्याला तेल मावशी लावतात. तीन चौकोन काढून मुलालाच ते भरायला द्यावेत. मावशीवर माया केली म्हणून आईशी बेइमानी होत नाही, हे त्यातून त्याला दिसतं.

वडिलांनी आईचा जीव घेतला, मुलीवर घरातच अत्याचार झाला, अशाही गोष्टी असतात. त्याही कधी ना कधी सांगाव्या लागतात. सहाव्या वर्षी ‘बाबांनी आईला फार मोठी इजा केली आणि ती वारली’ एवढं पुरेल. बाराव्या वर्षी खटला, शिक्षा हे येईल. आज सांगितलेलं उद्या मागं घ्यावं लागू नये, एवढं पथ्य पाळायचं. गोष्ट वयाबरोबर वाढते, बदलत नाही.

७. जपून पावलं टाकायची

स्मृती लवचीक असते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग सांगितले. त्यांतला ‘तू बाजारात हरवला होतास’ हा प्रसंग बनावट होता. तरीही साधारण चौथ्या हिश्श्याएवढ्या लोकांना तो थोडाफार ‘आठवला’. ही तर कळती माणसं होती. म्हणून मुलाला ‘बाबा मारायचे ना?’ असं विचारू नये. ‘घरी संध्याकाळ कशी असायची?’ असं विचारावं आणि गप्प बसावं. न्यायालयात खटला चालू असेल तर यातलं काहीही समितीच्या आणि जाणकाराच्या सल्ल्याशिवाय करू नये.

हे काम महिन्यातून एकदा येणाऱ्या उत्साही स्वयंसेवकाचं नाही. मुलानं दार उघडल्यावर दुसऱ्या दिवशी जे माणूस तिथंच असेल, त्यानंच ते करावं. त्या रात्री मूल अंथरूण ओलं करेल, जेवणार नाही, मारामारी करेल. रात्रपाळीच्या मावशींना आधी कल्पना दिलेली असेल, तर त्या त्याला रागावणार नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात असं काही काढू नये. आणि पुस्तक मुलाचं असतं, ते कुलपात राहील आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणी, अगदी देणगीदारानंही, उघडणार नाही, याची हमी हवी.

८. अठराव्या वर्षी हातात काय?

अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत असते. महाराष्ट्रानं २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवलं, पण त्यासाठीही अनाथ असल्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पुन्हा जुने कागद आले. लग्न ठरताना समोरचे घराणं विचारतात. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, घरात कुणाला साखरेचा आजार आहे का. तेव्हा ती रिकामी जागा पुन्हा उघडी पडते.

पुण्यात १९७३ साली जन्मलेले आणि जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांना आपल्या जन्माचे कागद बघायला मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं न्यायालयांत झगडावं लागलं. अखेर त्यांना आई भेटली. दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेता यावा, अशी तरतूद आता दत्तक नियमांत आहे. संस्थेतच वाढून बाहेर पडणाऱ्याचा शोध मात्र बहुधा त्याच कपाटापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. सुटण्याच्या दिवशी पेटी, अंथरूण आणि गुणपत्रिका यांच्याबरोबर त्याची गोष्टही त्याच्या हाती द्यायला हवी.

वाचकांपैकी कुणी आपल्या मुलाच्या वाढदिवसाला बालगृहात जेवण देत असेल, तर एवढं करावं. ‘बाळ, तुझी आई कुठं असते?’ असं तिथल्या मुलाला विचारू नये. त्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकू नये, ओळख उघड करणं हा कायद्याच्या ७४व्या कलमाखाली गुन्हा आहे. आणि निघताना अधीक्षकांना विचारावं, की इथं प्रत्येक मुलाच्या नावाचा एक अल्बम आणि एक पिशवी आहे का. नसेल, तर पुढच्या खेपेला केक जरा लहान आणावा आणि उरलेल्या पैशांत अल्बम आणावेत.